गोड्या पाण्यातला स्टिंगरे घरी पाळता येतो का? पाणी, वीज, काटा आणि कायदा यांचा पूर्ण हिशोब

निळ्या उजेडातली मोठी टाकी, आणि तळाशी ताटासारखा गोल, काळ्याभोर अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा. तो कडा लाटेसारख्या हलवत काचेवर चढतो आणि मालकाच्या हातून कोळंबी खातो. असे रील हल्ली अनेकांच्या फोनवर येतात. खाली कॉमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो: "कितीला मिळतो?"

खरं तर किंमत हा यातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. पाणी कुठून आणायचं, वीज गेली तर काय करायचं, काटा लागला तर कुठे जायचं आणि मासा नकोसा झाला तर त्याचं काय करायचं, हे खरे प्रश्न. त्यांची उत्तरं घर कुठे आहे यावर ठरतात. म्हणून इथे हा हिशोब एक ठरावीक गाव डोळ्यासमोर ठेवून मांडला आहे: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातलं, गोदावरीकाठचं पुणतांबा. चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे आणि २०१७ च्या शेतकरी संपामुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. कडक उन्हाळा, ऊसपट्टा, काळ्या खडकातलं विहिरीचं पाणी आणि दाराशी नदी, अशी स्थिती महाराष्ट्रातल्या शेकडो गावांची आहे. त्यामुळे इथला हिशोब बाकीच्यांनाही लागू पडेल.

हा मासा नेमका कोणता?

स्टिंगरेला कोकणात 'पाकट' म्हणतात. शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा. तो शार्कचा नातलग. त्याच्या अंगात हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा असतो. तोंड पोटाच्या बाजूला असतं आणि डोळे पाठीवर. डोळ्यांमागे दोन छिद्रं असतात. वाळूत अंग पुरून बसलेला पाकट या छिद्रांतून पाणी आत घेऊन श्वास घेतो.

घरच्या टाकीत जे पाकट दिसतात ते कोकणातले नव्हेत. ते दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे. या कुळाला 'पोटामोट्रायगॉनिडी' म्हणतात आणि त्यात साधारण ४० जाती आहेत. बाजारात दोन नावं जास्त ऐकू येतात. तपकिरी अंगावर पिवळसर-नारिंगी गोल असलेला तो 'मोटोरो'. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला तो 'लिओपोल्डी', ज्याला दुकानदार 'ब्लॅक डायमंड' म्हणतात. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्यावरून या जातीला १९७० मध्ये हे नाव मिळालं. ती फक्त ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यात सापडते. याच नदीवर बेलो मोंते हे प्रचंड धरण बांधलं गेलं आणि २०१६ पासून तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. म्हणजे ज्या माशाचे रील जगभर फिरतात, त्याचं मूळ घर स्वतःच अडचणीत आहे.

आज विकले जाणारे बरेचसे पाकट आग्नेय आशियातल्या संवर्धन केंद्रांत जन्मलेले आणि संकरित असतात. भारतात मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा मोठ्या बाजारांतून ते पुढे जातात.

समुद्रातला पाकट गोड्या पाण्यात का चालत नाही?

मासळी बाजारात पाकट बघितलेल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. समुद्री पाकट रक्तात भरपूर युरिया साठवून ठेवतात. त्यामुळे बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी शरीराचा तोल राहतो. जादा मीठ बाहेर टाकायला त्यांच्या आतड्याच्या शेवटी एक खास ग्रंथी असते.

दक्षिण अमेरिकेतल्या पाकटांचे पूर्वज समुद्रातूनच नद्यांत आले, पण त्याला लाखो वर्षं लोटली. त्या काळात त्यांची युरिया साठवण्याची सवय सुटली आणि ती ग्रंथीही आक्रसली. थॉमस थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की या माशांच्या रक्तात युरिया अगदी कमी असतो. म्हणजे नदीतला पाकट समुद्रात जगत नाही आणि कोकणातला पाकट गोड्या पाण्याच्या टाकीत जगत नाही. कोळ्याकडून जिवंत पिल्लू आणून टाकीत सोडणं म्हणजे त्याला मारणंच आहे.

भारतातही गोड्या पाण्यात शिरणारे पाकट आहेत. गंगेच्या खोऱ्यात आणि आग्नेय आशियात आढळणारा महाकाय पाकट हा त्यातलाच. कंबोडियात मेकाँग नदीत जून २०२२ मध्ये या जातीची ३०० किलोंची मादी सापडली. नोंद असलेला हा गोड्या पाण्यातला सगळ्यात वजनदार मासा. तिला मोजून पुन्हा नदीत सोडलं गेलं. हा मासा कुणाच्याही घरात मावणारा नाही.

टाकी किती मोठी लागते?

दुकानात पाकट विकला जातो तेव्हा तो तळहाताएवढा असतो. इथेच फसगत होते. मोटोरो आणि लिओपोल्डी पूर्ण वाढले की नुसती तबकडी दीड ते दोन फुटांची होते. शेपटी वेगळी. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. नीट सांभाळलेला पाकट १५ वर्षांहून अधिक जगू शकतो.

हा तळाशी राहणारा मासा आहे. त्यामुळे टाकीची उंची कमी महत्त्वाची, तळाची जागा जास्त महत्त्वाची. पूर्ण वाढलेल्या पाकटाला सहज वळता यावं म्हणून तळ ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असावा. पाणी २ फूट धरलं तर हिशोब असा होतो:

- ८ × ४ × २ = ६४ घनफूट
- एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे एकूण साधारण १,८०० लिटर
- नुसत्या पाण्याचं वजन जवळपास १.८ टन. काच, वाळू, स्टँड वेगळं

२ फूट पाण्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो पडतो. राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंचा वापराचा भार धरून आखतात. म्हणजे ही टाकी वरच्या मजल्यावर ठेवण्याचा विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय करूच नये. ती तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवरच हवी.

गावात एक गोष्ट मात्र सोयीची आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये ८ फुटांची जागा सापडणं कठीण, गावाकडच्या घरात पडवी किंवा शेड असते. काचेऐवजी विटा-सिमेंटचा हौद किंवा फायबरची टाकीही चालते. सिमेंटचा हौद असेल तर आधी काही आठवडे पाणी भरून, पुन:पुन्हा ओतून त्याचा चुना उतरवावा लागतो, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचं अस्तर लावूनही हौद करता येतो. मात्र कागदाच्या घड्यांत मासा अडकणार नाही हे बघावं लागतं.

'आत्ता छोटी टाकी घेऊ, मोठा झाला की बघू' हा विचार इथे महागात पडतो. पिल्लू ४ फुटांच्या टाकीत फार तर काही महिने राहू शकतं. मोठी टाकी आधी, मासा नंतर, हाच क्रम.

पुणतांब्याचं पाणी चालेल का?

या माशाच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काम पाण्याचंच आहे. पाकटाला हवं असलेलं पाणी साधारण असं:

- तापमान २५ ते २९ अंश सेल्सिअस
- पीएच ६ ते ७.५
- अमोनिया आणि नायट्राइट शून्य
- नायट्रेट कमी, शक्यतो लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत
- क्लोरिन अजिबात नाही

आता गावातलं पाणी बघू. अहिल्यानगरचा बहुतेक भाग बेसाल्टच्या काळ्या खडकावर आहे. या खडकातून आलेलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी सहसा जड असतं. बादलीवर पांढरे डाग पडतात, डाळ लवकर शिजत नाही, ते हेच पाणी. टाकीत जन्मलेले पाकट काही प्रमाणात जड पाणी सोसतात, पण पीएच ८ च्या वर असेल तर त्यात आणखी एक धोका असतो. अमोनियाचा विषारी अंश पीएचबरोबर झपाट्याने वाढतो. त्यामुळे मऊ पाण्यात खपून गेलेली चूक जड पाण्यात जीवघेणी ठरते.

दुसरा मुद्दा नायट्रेटचा. बागायती भागात उसाला दिलेल्या युरियाचा काही भाग पाझरून भूजलात उतरतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे माणसाला पिण्यायोग्य ठरलेलं पाणीसुद्धा पाकटासाठी दुप्पट नायट्रेटचं असू शकतं. टाकीत साचलेलं नायट्रेट कमी करायला आपण पाणी बदलतो. पण नवीन पाण्यातच नायट्रेट असेल तर ते बदलून उपयोग काय? म्हणून मासा आणण्याआधी, अगदी टाकी बांधण्याआधी, विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. जड पाणी, पीएच आणि नायट्रेट एवढे तीन आकडे कळले तरी निम्मा निर्णय होतो.

नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर म्हणजे क्लोरिन असतं. ते पाणी उघड्या टाकीत हवेचा दगड सोडून एक दिवस ठेवावं किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरिन काढणारं औषध घालावं. टीसीएल टाकल्याच्या दिवशी पाण्यात क्लोरिन जास्त असतं, त्या दिवशी पाणी बदलूच नये.

किती पाणी लागेल? आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर १,८०० लिटरांच्या टाकीला दर आठवड्याला सुमारे ५४० लिटर लागतं. महिन्याला २,००० लिटरांच्या वर. या भागातल्या अनेक गावांच्या पाणीयोजना कालव्याच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांवर चालतात. आवर्तन लांबलं की नळाला काही दिवसांआड पाणी येतं. एप्रिल-मे महिन्यात शेजारी टँकरची वाट बघत असताना माशासाठी ५४० लिटर काढणं शक्य आहे का, आणि योग्य आहे का, हे प्रत्येक घराला स्वतःच ठरवावं लागेल.

आरओचं पाणी मिसळणं हा एक उपाय आहे. पण बहुतेक घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. निम्मं पाणी आरओचं धरलं, तर २७० लिटरांसाठी ५४० ते ८०० लिटर बाहेर जाईल. त्यापेक्षा पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पहिले एक-दोन पाऊस सोडून साठवणं जास्त शहाणपणाचं. ते मऊ असतं. टाकीतून काढलेलं जुनं पाणी मात्र वाया जात नाही. त्यातलं नायट्रेट झाडांना खतासारखं लागू पडतं, परसबागेला ते बिनधास्त घालावं.

फिल्टर, वीज आणि ऋतू

पाकट खूप खातो आणि तेवढीच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू वसायला चार ते आठ आठवडे लागतात. तोवर टाकी 'पिकलेली' नसते. टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी पाकट सोडला, तर तो आपल्याच मूत्रात गुदमरतो. नव्या लोकांचे मासे मरण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. पाण्याचा प्रवाह थांबला की बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत मरू लागतात. वळवाच्या पावसात तारा तुटून रात्रभर वीज गेली, हे गावाला नवीन नाही. म्हणून दोन गोष्टी आधीपासून हव्यात: इन्व्हर्टरवर चालणारा हवेचा पंप आणि बॅटरीवरचा एक जादा पंप. मोठी मोटर इन्व्हर्टरवर फार वेळ चालत नाही, पण हवेच्या पंपाला वीज अगदी कमी लागते. लांबलेल्या भारनियमनात खायला घालणं पूर्ण बंद ठेवावं. खाणं नाही तर घाण नाही.

तापमान हा दुसरा मुद्दा. इथे उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. हिवाळ्यात हीटर लागतोच. पण पाकट तापलेल्या हीटरला चिकटून बसतो आणि भाजतो, म्हणून हीटरभोवती जाळी हवी किंवा तो खालच्या फिल्टरच्या कप्प्यात ठेवावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली टाकी ठेवू नये. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. सावली, पाण्यावर पंख्याचा वारा आणि जादा हवा यांनी दोन-तीन अंश उतरवता येतात.

तळाला बारीक, गोल कणांची, धुऊन चाळून घेतलेली वाळू असावी, किंवा काहीच नसावं. खडी आणि टोकदार दगड पोटाला जखमा करतात.

खायला काय?

कोळंबी, शिंपल्यांचं मांस, माशाचे तुकडे, गांडुळं आणि बुडणारं गोळी खाद्य. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, मोठ्यांना एकदा. एकच एक पदार्थ कायम देऊ नये. कच्च्या कोळंबीत आणि गोल्डफिशसारख्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, त्यामुळे फक्त त्यावर वाढवलेला मासा हळूहळू खंगतो. जिवंत गोल्डफिश खाऊ घातल्याने रोगही येतात. गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं चालतात, पण शेतातली नकोत, कारण त्यांच्या अंगात कीटकनाशकाचा अंश असू शकतो. कुठलीही गांडुळं एक दिवस स्वच्छ ओल्या कापडात ठेवून, पोट रिकामं झालं की द्यावीत.

सोबती आणि पिल्लं

तळ पाकटासाठी मोकळा हवा. वरच्या थरात फिरणारे सिल्व्हर डॉलर किंवा अरोवाना यांच्याबरोबर तो राहतो. छोटे मासे तो खाऊन टाकतो. टाकी साफ करतो म्हणून लोक सकर मासा सोडतात, तो मात्र अजिबात नको. तो पाकटाच्या पाठीला चिकटून अंगावरचा चिकट थर खरवडतो आणि जखमा करतो.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन बोटांसारखे अवयव असतात. मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून झिरपणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पिल्लं पोटातच वाढतात. टाकीतल्या मोटोरोचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा असतो. म्हणजे जोडी आणली तर एका टाकीचा प्रश्न काही महिन्यांत चार-पाच टाक्यांचा होऊ शकतो.

आजारी पाकट कसा ओळखायचा?

तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली, खाणं सोडणं. दुसरी, शेपटीच्या मुळाजवळ दोन्ही बाजूंची हाडासारखी उंची दिसू लागणं, म्हणजे मासा उपाशी आहे. तिसरी आणि सगळ्यात गंभीर, तबकडीच्या कडा वर वळणं. कडा वळल्या की सहसा पाणी बिघडलेलं असतं. लगेच अमोनिया आणि नायट्राइट तपासून, त्याच तापमानाचं क्लोरिनमुक्त पाणी घालून काही भाग बदलावा.

बाजारातली सरसकट औषधं टाकू नयेत. तांबं असलेली औषधं इतर माशांना चालतात, पाकटाला ती घातक ठरतात. माशांवर उपचार करणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी सहजासहजी मिळत नाही, हेही आधीच हिशोबात धरावं.

काटा लागला तर?

२००६ मध्ये स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू समुद्री पाकटाचा काटा छातीत घुसून झाला. तसा प्रसंग फार विरळा. टाकीतला पाकट मुद्दाम हल्ला करत नाही. दाबला गेला, जाळ्यात अडकला किंवा अचानक हात लागला की तो शेपटी मारतो. काट्याला करवतीसारखे दाते असतात आणि त्यावरच्या त्वचेत विष असतं. गोड्या पाण्यातल्या पाकटाच्या दंशाने भयंकर वेदना होतात आणि जखमेभोवतीचं मांस सडू शकतं. जुना काटा गळून नवा येतो, त्यामुळे काटा कापून टाकला की धोका संपला, असं होत नाही. तसं कापणं माशासाठीही क्रूर आहे.

काटा लागल्यास:

- जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि रक्त दाबून थांबवावं.
- हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवावा. याने वेदना कमी होतात. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या माणसाने हात घालून बघावं, कारण दुखण्याच्या भरात जखमीला भाजल्याचं कळत नाही.
- छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो ओढून काढू नये. तसंच दवाखान्यात न्यावं.
- जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जावं. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंतुसंसर्गावर औषध लागू शकतं. पाकटाच्या विषावर वेगळं प्रतिविष मिळत नाही, म्हणून डॉक्टरांना 'गोड्या पाण्यातल्या पाकटाचा काटा' असं स्पष्ट सांगावं.

घरात लहान मुलं असतील तर टाकीला कुलपाचं झाकण हवं. हाताने खाऊ घालतानाचे रील बघायला छान, पण टाकीत हात घालायचा तर मासा कुठे आहे हे आधी दिसलं पाहिजे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटिस' हा करार लक्ष ठेवतो. भारत १९७६ पासून त्यात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या बैठकीत ब्राझीलमधल्या नदी-पाकटांच्या ७ जाती या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतल्या गेल्या. लिओपोल्डी त्यातलीच. मोटोरोही तिसऱ्या परिशिष्टात आहे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सायटिसमधल्या जातींसाठी कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. त्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने त्याची नोंदणी करायची आहे. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर होते. विकत घेणं, देणं, पिल्लं होणं आणि मरण, या सगळ्याची माहिती द्यावी लागते.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून माशाच्या जातीचं नाव लिहून घ्यावं, पक्कं बिल आणि आयातीची किंवा संवर्धनाची कागदपत्रं मागावीत आणि ती जात अनुसूचीत आहे का, हे वनविभागाकडे विचारावं. 'कागद कशाला लागतात, सगळेच घेतात' असं सांगणाऱ्याकडून मासा घेऊ नये.

नकोसा झाला तर गोदावरीत सोडता येईल?

नाही, कधीच नाही. मासा मोठा झाला, टाकी पुरेना, घेणारा सापडेना, तेव्हा 'निदान नदीत तरी जगेल' हा विचार दयेपोटी येतो. नदीकाठच्या गावात तो आणखी सोपा वाटतो, कारण नदी चालत जाण्याच्या अंतरावर असते.

सिंगापूरमध्ये नेमकं हेच घडलं. तिथल्या अप्पर सेलेटार जलाशयात दक्षिण अमेरिकेतल्या मोटोरो पाकटांची पिल्लं देणारी वस्ती असल्याची नोंद २०१० मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केली. हे मासे तिथे हौशी लोकांच्या टाक्यांमधून पोहोचले असावेत, असं मानलं जातं. ब्राझील-पॅराग्वे सीमेवर वेगळं घडलं. पाराना नदीवरचे मोठे धबधबे पाकटांना वरच्या भागात जाऊ देत नव्हते. १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या पाण्याखाली ते धबधबे बुडाले आणि पाकट वर सरकले. पूर्वी जिथे लोक निर्धास्तपणे पाण्यात उतरत, तिथे काटा लागण्याच्या घटना सुरू झाल्या.

गोदावरीत सोडलेला पाकट बहुधा थंडीने किंवा उपासमारीने हळूहळू मरेल. ती दया नव्हे. आणि जगला तर जास्त वाईट. घाटावर स्नानाला अनवाणी उतरणाऱ्यांच्या, जाळी ओढणाऱ्यांच्या आणि म्हशी धुणाऱ्यांच्या पायाखाली तो गाळात पुरून बसलेला असेल. टाकीतून बाहेर पडलेल्या सकर माशाने काय केलं ते देशाने पाहिलं आहे. कोलकात्याच्या पाणथळ भेड्यांत तो मच्छीमारांची जाळी फाडतो, आणि २०२० मध्ये तो वाराणसीत गंगेतही सापडला. जलाशयांत चिलापीने आपली जागा कधीच पक्की केली आहे. गोदावरीला आणखी एका पाहुण्याची गरज नाही.

मासा नको असेल तर ज्या दुकानदाराकडून घेतला त्यालाच परत घेण्याबद्दल विचारावं, दुसऱ्या अनुभवी पाळणाऱ्याला द्यावा आणि नोंदणी असेल तर त्या बदलाची माहिती पोर्टलवर द्यावी. 'परत घ्याल का?' हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारलेला बरा.

मग पाळावा की नाही?

खालच्या सहाही प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल, तरच पुढे जावं:

- तळमजल्यावर ८ × ४ फुटांच्या टाकीची कायमची जागा आहे का?
- पाण्याची तपासणी झाली आहे का, आणि भर उन्हाळ्यात आठवड्याला ५०० लिटर पाणी कुणाचं न तोडता मिळेल का?
- रात्रभर वीज गेली तरी हवा चालू राहील का?
- पुढची १५ वर्षं घरात कुणीतरी रोज वेळ देईल का?
- कागदपत्रं पूर्ण आहेत का?
- नको झाल्यास परत घेणारा आधीच ठरला आहे का?

पुणतांब्यासारख्या गावातल्या बहुतेक घरांत दुसऱ्याच प्रश्नावर उत्तर 'नाही' येईल. त्यात कमीपणा काहीच नाही. माशांची आवड असेल तर ३ फुटांची, दीडशे लिटरांची टाकी पुरते. तिला आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी लागतं. गप्पी, मॉली यांना उलट जड पाणीच मानवतं, म्हणजे विहिरीचं जे पाणी पाकटाला नको तेच त्यांना चालतं. टिक्टो बार्बसारखे छोटे देशी मासेही अशा टाकीत छान राहतात. त्यांचं रील कदाचित व्हायरल होणार नाही, पण मे महिन्यातही ती टाकी भरलेली असेल आणि आतले मासे जिवंत असतील.